चुकांच्या वह्या

बाबांनी आयुष्यात एकाही मुलावर हात उगारला नाही, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचून झाल्यावर कोणी मला त्याची आठवण करून द्यायला नको. ते दारूला शिवले नाहीत, विडी ओढली नाही, कोणाच्या बांधावरचं बोरही विचारल्याशिवाय तोडलं नाही. आमच्या हायस्कुलात ते मराठी शिकवत आणि दर शनिवारी शाळा सुटल्यावर आठवी ते दहावीच्या मुलामुलींचा संस्कार वर्ग घेत. त्या वर्गातून गेलेल्यांचा आता व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. गुरुपौर्णिमेला तिथं बाबांचा फोटो येतो, खाली जोडलेले हात, फुलं, दिवे. कोणी निवृत्त झालाय, कोणाची गोंदियात राईस मिल आहे, आणि सगळे एकच लिहितात, ‘सरांनी आम्हाला माणूस बनवलं.’ मी त्या ग्रुपवर आहे. मी तिथं कधी काही लिहीत नाही. जे लिहायचं ते इथं लिहिते.

सालेकशाच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावाच्या टोकाला, तलावाच्या पाळीखाली आमचं घर. तलाव आमच्याच घराण्यातल्या कोणी तरी कधी काळी बांधलेला. आपल्या पूर्वजांनी पाणी अडवलं, आपण माणसं घडवायची, असं बाबा पाहुण्यांना सांगत, आणि पाहुणा नसला तर आम्हाला सांगत. घरात सकाळ व्हायची ती घंटेनं. रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा त्यांनी ओसरीच्या आढ्याला टांगला होता, तसाच शाळेतही होता. तो वाजला की उठायचं, वाजला की जेवायचं. दरेकशाच्या डोंगरातून मालगाडी धडधडत यायची तेव्हा भांडी थरथरत, आणि मला बरं वाटायचं, कारण त्या दोन मिनिटांत बाबांना कोणाचं बोलणं सुधारता येत नसे. एरवी ते सुधारतच असत. ‘माय’ नाही, ‘आई’. ‘पानी’ नाही, ‘पाणी’. ‘येऊन राहिली’ नाही, ‘येत आहे’. अशुद्ध बोलणाऱ्याचं मनही अशुद्ध असतं, असं त्यांचं पक्कं मत होतं. माय त्यांच्यासमोर बोलायचीच थांबली होती. एक वाक्य तीनदा दुरुस्त करून घेण्यापेक्षा मान हलवलेली तिला परवडत असावी.

पण ते बाहेर गेले की स्वयंपाकघर वेगळंच होई. माय बोलायला लागायची ते थांबायची नाही. लाखोळीच्या डाळीला लसणाची फोडणी देता देता गावातल्या सगळ्यांच्या नकला करायची, त्यात बाबांचीही. आणि मोहफुलं भाजायची. मोहाची दारू होते म्हणून बाबांनी घरात मोहफूल आणायलाच बंदी केली होती, जणू ते फूल स्वतःच पिऊन पडतं. माय ती वाळलेली फुलं तव्यावर भाजून तिळाबरोबर कुटायची, लाडू वळायची, आणि वास जावा म्हणून चुलीत चिमूटभर हळद टाकायची. आजही मला तो गोड, धुरकट वास आला की भूक लागते आणि पाठोपाठ छाती धडधडते.

ती फुलं आणून द्यायची सुकवारो. दरेकशाकडच्या जंगलातल्या एका टोल्यावरची, म्हणजे लहानशा पाड्यावरची ती मुलगी, आमच्या घरापासून तिसऱ्या घरी मावशीकडे राहून माझ्याच वर्गात, नववीत शिकत होती. उंच, काळीसावळी, चालताना मागे न बघणारी. तिला मनातल्या मनात हिशेब जमत, झाडावर चढता येई, आणि खोटं मात्र अजिबात बोलता येत नसे. मला येत होतं. मास्तरांची मुलगी होते ना.

संस्कार वर्गात बाबा आधी एक गोष्ट सांगत, मग तिचा बोध फळ्यावर लिहीत, मग वह्या निघत. प्रत्येकाची एक वही, तिला ‘चुकांची वही’ म्हणायचं. आठवड्यात आपल्या हातून घडलेली चूक त्यात आपण होऊन लिहायची. शिक्षा नाही. बाबा ती वाचून खाली लाल शाईनं दोन ओळी लिहून देत आणि सगळ्या वह्या आमच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत ठेवत. माझी वही सगळ्यांत चांगली. ‘आज मी आईला उलट उत्तर दिलं.’ ‘अभ्यास करताना माझं मन चंचल झालं.’ मी या चुका शुक्रवारी संध्याकाळी बसून बनवायची. बाबांना किती मोठी चूक आवडते, त्याचा मला अंदाज होता. फार लहान असली तर ते ‘आणखी खोल पाहा’ लिहीत. मोठी असती तर काय लिहिलं असतं, ते मी कधी करून पाहिलं नाही. माझ्या वहीत दर पानावर ‘उत्तम’ असायचं.

सुकवारो बरेच दिवस वही कोरीच देत होती. एका शनिवारी बाबांनी तिला उभं केलं.

“तुझ्या हातून काहीच चूक होत नाही का?”

“होते, सर.”

“मग लिहीत का नाहीस?”

तिनं वही मिटून छातीशी धरली. मग म्हणाली, “वाचते कोन?”

“मी. आणि तू. तिसऱ्या माणसाच्या कानावर यातलं अक्षर जाणार नाही. हा माझा शब्द आहे.”

“खरंच, सर?”

वर्ग हसला. बाबा हसले नाहीत. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, “खरंच.”

तिनं लिहिलं. काय लिहिलं ते मला महिनाभरानं कळलं. शाळेचं स्नेहसंमेलन होतं आणि तालुक्याहून साहेब लोक यायचे होते. आदल्या दिवशी दुपारी बाबा ओसरीवर आरशासमोर भाषण म्हणून बघत होते. मी आतल्या खोलीत सुपात तांदूळ निवडत बसले होते. आधी नेहमीचंच चाललं होतं, चारित्र्य, उद्याचा नागरिक. मग एकदम सुकवारोचं नाव आलं. ‘आमच्या घरी मोहाची दारू गाळतात. सुटीत घरी गेले की भट्टीत लाकूड घालायचं काम माझं आहे. बापू म्हणतो, त्यातूनच तुझी शाळा आहे. मला शाळा सोडवत नाही आणि लाकूड घालणंही थांबवता येत नाही. यातली चूक कोणती, ते मला कळत नाही.’ सुकवारोनं ‘हाये’ लिहिलं असणार, ‘कोन्ती’ लिहिलं असणार. बाबांनी सगळं शुद्ध करून घेतलं होतं.

मी तांदूळ निवडत राहिले. तिसरं घर. उठून गेले असते तर सूप खाली ठेवण्यापासून तिच्या दारापर्यंत पाच मिनिटं लागली नसती. मला भीती वाटली म्हणून मी गेले नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. मला हेवा वाटत होता. माझ्या दोन वर्षांच्या ‘उत्तम’ चुकांपैकी एकही बाबांनी आरशासमोर म्हणून पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मांडवात त्यांनी ते वाचलं. नावासकट, गावासकट. त्यांचा आवाज भरून आला होता आणि तो खोटा नव्हता, हेच मला अजून सहन होत नाही. “असं धैर्य मी माझ्या नोकरीत पाहिलं नाही,” ते म्हणाले, आणि तिला व्यासपीठावर बोलावून साहेबांच्या हातून एक शाईचं पेन दिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. सुकवारो पेन घेऊन उभी होती आणि बाबांकडे बघत होती, जसं आपण ओळखीच्या वाटेवर अचानक खड्डा दिसल्यावर बघतो.

आठ-दहा दिवसांनी तिच्या टोल्यावर पोलिसांची जीप गेली. मडकी फोडली, भट्ट्या विस्कटल्या, तिच्या बापाला आणि शेजारच्या दोघांना घेऊन गेले. कोणी कळवलं, ते कधीच कळलं नाही. मांडवात शंभर माणसं होती. टोल्यावरच्या लोकांनी मात्र शोध घेण्याची तसदी घेतली नाही. पोरीच्या शाळेनं हे घडवलं, एवढं त्यांना पुरेसं होतं. त्यांनी सुकवारोच्या घराशी बोलणं बंद केलं.

एका सकाळी सुकवारोची आई तिला घेऊन आमच्या अंगणात आली. बाबा नुकतेच आंघोळ करून सूर्याला पाणी देत होते. ते संपेपर्यंत दोघी उभ्या राहिल्या.

“मास्तरजी,” तिची आई म्हणाली, “एक कागद लिवून द्या. पोरीनं मनानंच गोष्ट लिवली, शाळेचा अभ्यास होता, असं लिवा. तुमचं आयकतीन ते.”

“म्हणजे मी खोटं लिहून देऊ?”

“एवढंच लिवा जी. तिघंबी सुटतीन.”

“बाई, तुमची मुलगी खरं बोलली. तुम्हाला अभिमान वाटायला हवा. तिच्या सत्यावर मी माझ्या हातानं बोळा फिरवू?” बाबांचा आवाज शांत होता. ते कधीही आवाज चढवत नसत. “उलट ही संधी समजा. तिच्या बापाला समजावा, हा धंदा सोडा म्हणावं.”

सुकवारो पुढे झाली. “सर,” ती म्हणाली, “तुमी म्हनलं होतं, तिसऱ्याले सांगनार नाई.”

बाबांनी हातातला तांब्या खाली ठेवला. मला वाटलं, आता काही तरी होईल. मी दाराची चौकट घट्ट धरली होती.

“मी तुझी चूक सांगितली नाही, सुकवारो,” ते म्हणाले. “मी तुझा चांगुलपणा सांगितला.”

“चल वं,” तिची आई म्हणाली. तिनं बाबांना नमस्कार केला, तो कायले केला, तिलाच ठाऊक. दोघी मागच्या अंगणातून गेल्या, कारण मायनं त्यांना मागून हाक मारली होती. मायनं सुकवारोच्या आईच्या पदरात सूपभर तांदूळ घातले. त्या गेल्यावर रिकामं सूप खुंटीला अडकवत मला म्हणाली, “तुह्या बाबाले चांगलं व्हायचं हाये. त्याच्या मधात मानूस आला तं त्याले दिसतच नाई.”

सुकवारो त्या दिवसापासून शाळेत आली नाही. तिच्या जागेवर दप्तर ठेवायला कोणी तयार होईना, म्हणून बाबांनी तो बाकच मागे सरकवला.

त्यानंतरच्या रविवारी बाबा शिक्षकांच्या सभेला गोंदियाला गेले. पेटीला कुलूप नव्हतं. आपल्या घरात कुलूप लागत नाही, ही त्यांची मोठी मिरवायची गोष्ट होती. मी सगळ्या वह्या काढल्या, धानाच्या रिकाम्या पोत्यात भरल्या आणि घरोघर गेले. माय ओसरी सारवत होती. तिनं पाय घसरू नये म्हणून मला कडेनं जायला सांगितलं, पोत्यात काय आहे ते विचारलं नाही. एका मुलीनं वही हातात पडताच माझ्यासमोर चुलीत घातली आणि जळेपर्यंत फुंकणी सोडली नाही. दहावीतल्या एका मुलानं घ्यायलाच नकार दिला. “मले नको. घरी सापडली तं बाप मारून टाकीन.” ती मी तलावात दगड बांधून टाकली. एका मुलाच्या आजीनं विचारलं, “मास्तरनं धाडल्या का?” मी म्हटलं, “हो.” इतकं सहज खोटं मी तोवर फक्त लिहीत आले होते, बोलले नव्हते.

पेटीत सुकवारोची वही सापडली नाही. ती बाबांच्या टेबलावर, भाषणाच्या कागदांत होती. तीही घेतली.

शनिवारी बाबांनी वर्गात विचारलं, वह्या कोणी नेल्या. मी उभी राहिले. त्यांना आधीच कळलं होतं. गावात एवढं लपत नाही. पण ते विचारायचे, म्हणजे आपण होऊन कबूल करायची संधी मिळते.

“ही चोरी आहे, हे कळतं का तुला?”

“कळतं.”

त्यांनी मला कोरा कागद दिला. “जे केलंस ते लिही आणि सगळ्यांसमोर वाच.”

मी लिहिलं. मग उभं राहून वाचलं. “मी आजपर्यंत चुकांच्या वहीत एकही खरी चूक लिहिली नाही. सरांना आवडतील अशा चुका मी शुक्रवारी बसून बनवत होते. सुकवारोचं वाचणार आहेत, हे मला आदल्या दिवशी ठाऊक होतं आणि मी तिला सांगितलं नाही. वह्या मी चोरल्या नाहीत. सरांनी शब्द मोडला, म्हणून त्या ज्यांच्या होत्या त्यांना दिल्या.”

बाबांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, मारतील. मला ते हवं होतं, हेही लिहून ठेवते. एक थप्पड मारली असती तर ते बाकीच्या बापांसारखे झाले असते आणि मला त्यांना कधी तरी माफ करता आलं असतं. ते दोन पावलं पुढे आले आणि त्यांच्या तोंडून निघालं, “काऊन वं, माह्या घरचं खाऊन मलेच असं?”

सबंध वर्गानं ऐकलं. त्यांनीही ऐकलं. ते फळ्याकडे वळले आणि डस्टरनं आधीच पुसलेला फळा पुसायला लागले. घंटा होईपर्यंत पुसत राहिले.

लोकांना वाटतं, अशा प्रसंगानंतर काही तरी बदलतं. पुढच्या शनिवारी बाबांनी नव्या वह्या वाटल्या. मुलांनी त्यात लिहिलंही. आईला उलट बोललो, मन चंचल झालं. कोणाच्याही वहीत भट्टी नव्हती, बापाचा मार नव्हता, बहिणीचं रडणं नव्हतं. मला नंतर एका मैत्रिणीनं सांगितलं, बाबा म्हणत, या वर्षीची मुलं गेल्या वर्षीपेक्षा चांगली आहेत. सगळ्यांनी माझा धडा नीट गिरवला होता. आता माझ्या नातीच्या शाळेतही असला एक तास आहे. ती मला विचारते, आजी, या आठवड्यात काय लिहू? मी तिला सांगते, काहीही बनव.

मला गोंदियाला आत्याकडे पाठवलं गेलं. पुढचं शिक्षण तिथंच झालं. जायच्या आधी मी एकदाच दरेकशाला गेले, गाडीनं, मायनं दिलेला डबा घेऊन, आणि स्टेशनापासून टोल्यापर्यंत विचारत विचारत. उन्हाळा लागला होता. सुकवारो झाडाखाली तेंदूपत्त्याच्या पुड्या बांधत बसली होती. बोटं थांबली नाहीत.

“कायले आली?”

मी वही पुढे केली. तिनं घेतली, उघडली नाही, पानांच्या ढिगाखाली सरकवली. पाणी आणून दिलं. दारात आलेल्याला पाणी द्यायचं असतं, म्हणून दिलं, एवढं मला कळत होतं. तिचा बाप परत आला होता, बाजेवर पडून होता आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

“एक सांग,” ती म्हणाली. “तो वाचनार हाये, हे तुले मालूम होतं?”

“हो.”

“मंग सांगितलं काऊन नाई?”

“मला तुझा हेवा वाटला.”

तिनं मान वर केली. माझ्याकडे बराच वेळ बघितलं. “माहा?” ती म्हणाली, आणि हसली. ते हसणं फार वाईट होतं. “जाय. गाडी सुटन तुही.” मी डबा तिथंच ठेवून निघाले. पावसाळ्यात तिचं लग्न झाल्याचं कळलं, छत्तीसगडच्या बाजूला कुठं तरी. त्यानंतर मला तिचा पत्ता लागला नाही. मी नर्स झाले, हजारो अनोळखी माणसांची नावं रजिस्टरमध्ये लिहिली, आणि ते नाव कधी आलं नाही.

बाबा गेले ते मी नोकरी केली त्याच दवाखान्यात, म्हातारपणानं, कुठल्याही मोठ्या रोगाशिवाय. शेवटच्या आठवड्यात मी रजा घेऊन त्यांच्याजवळ बसायची. त्यांना चमच्यानं पेज भरवायची, कुशीवर वळवायची, पाठ पुसायची. सगळं नीट करायची, मला ते काम येतं. आमच्यात त्या गोष्टीबद्दल चाळीस वर्षांत एक शब्द झाला नव्हता. एका सकाळी, मी त्यांची उशी सरळ करत असताना, त्यांनी माझं मनगट धरलं.

“तुझा माझ्यावर राग आहे का अजून?”

खोटं बोलणं सोपं होतं. मरणाऱ्या माणसाशी सगळेच बोलतात. नोकरीत मी रोज नातेवाइकांना तसं बोलायला लावत असे.

“हो,” मी म्हटलं. “आहे.”

त्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावर समाधान पसरलं, अगदी ओळखीचं, वही तपासून झाल्यावरचं. “छान,” ते म्हणाले. “खरं बोललीस.”

मी मनगट सोडवून घेतलं, पेजेची वाटी उचलली आणि बाहेर नळावर जाऊन घासायला लागले. वाटी स्वच्छ झाली तरी घासतच राहिले. शेजारची नर्स धावत आली, तिला वाटलं बाबा गेले. “नाही,” मी तिला म्हटलं, “अजून शिकवून राहिले.”